लॅपटॉपची तारीख मागे जाते? आधी छोटा सेल बघा

सकाळी लॅपटॉप सुरू केला आणि कोपऱ्यात भलत्याच सालची १ जानेवारी दिसली, तर घाबरू नका. लॅपटॉप गेलेला नाही. त्याच्या पोटात घड्याळासाठी एक छोटा बटणसेल असतो. बहुतेक वेळा तोच संपलेला असतो.

निंबोल्यात काय किंवा इंदूर-इच्छापूर रस्त्यावरच्या दुसऱ्या कोणत्या गावात काय, जुने लॅपटॉप आता पुष्कळ घरांत आहेत. मध्य प्रदेश बोर्डाच्या बारावीत चांगले गुण मिळवणाऱ्या मुलांना सरकार लॅपटॉपसाठी २५,००० रुपये देतं. त्या पैशातून घेतलेला लॅपटॉप आधी मोठ्या पोरीने वापरला. मग तो धाकट्याकडे आला. आता घरातले सगळे फॉर्म त्याच्यावरच भरले जातात.

असा लॅपटॉप पाच-सात वर्षांचा झाला की हा सेल दमतो. मग सल्ले सुरू होतात. कोणी म्हणतं मदरबोर्ड गेला. कोणी म्हणतं नवा घ्या, हा भंगारात द्या. तसं काही करू नका. आधी सेल बघा.

या सेलचं काम काय, ते समजून घ्या. लॅपटॉप बंद असतानाही त्याच्या आत एक घड्याळ चालू असतं. एक बारीक स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो आणि ते मोजून घड्याळ पुढे सरकतं. बाहेरची वीज नसेल आणि मोठी बॅटरीही रिकामी असेल, तेव्हा या घड्याळाला एवढा एक सेलच जगवतो. जुन्या लॅपटॉपांत सुरुवातीच्या काही सेटिंगही त्याच्याच जिवावर टिकतात. दुकानदार त्याला सीमॉस बॅटरी म्हणतात. तुम्ही 'घड्याळाचा सेल' म्हटलंत तरी त्यांना कळेल.

आपल्याकडे हा सेल लवकर का संपतो, तेही सांगतो. लॅपटॉपची मोठी बॅटरी बसली की आपण ती बदलत नाही. नुसत्या चार्जरवर लॅपटॉप चालवतो. लाइट गेली की तो धप्पकन बंद पडतो. रात्री आपण भिंतीवरचं बटणही बंद करतो. म्हणजे रात्रभर त्या घड्याळाला ना वीज, ना मोठी बॅटरी. सगळा भार छोट्या सेलवर. सुट्टीत लॅपटॉप दोन महिने कपाटात पडून राहिला, तरी तेच होतं.

तारीख चुकली तर एवढं काय बिघडतं, असं वाटेल. बरंच बिघडतं.

समजा लॅपटॉपला वाटतंय की हे २०१५ साल आहे. तुम्ही शिष्यवृत्तीचा फॉर्म उघडायला जाता. प्रत्येक सुरक्षित संकेतस्थळाकडे एक दाखला असतो. तो अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंतच चालतो. लॅपटॉप आपल्या घड्याळात बघतो आणि त्याला वाटतं, या दाखल्याची मुदत अजून सुरूच झालेली नाही. मग पडद्यावर लाल अक्षरात येतं, की हे संकेतस्थळ सुरक्षित नाही. पोर घाबरतं. तुम्ही इंटरनेटला दोष देता. रिचार्ज पुन्हा तपासता. फॉर्मची शेवटची तारीख तोवर निघून जाते.

अशा वेळी 'तरीही पुढे जा' असं बटण दिसतं. ते दाबू नका. बँकेच्या पानावर तर अजिबात नाही. तारीख सुधारा आणि पान पुन्हा उघडा. तारीख बरोबर असूनही तोच इशारा आला, तर ते पान खरोखरच धोक्याचं असू शकतं. रोज तारीख चुकणाऱ्या घरात या इशाऱ्याकडे दुर्लक्ष करायची सवय लागते. मला सगळ्यात जास्त काळजी त्या सवयीची वाटते.

दुकानाचा हिशेब लॅपटॉपवर असेल, तर बिलांवर चुकीची तारीख छापली जाते. केळीची गाडी कधी भरली आणि पैसे कधी आले, याचा ताळमेळ लागत नाही. नव्या फाइल जुन्या सालात जाऊन बसतात आणि शोधूनही सापडत नाहीत.

तर आधी खात्री करा. सेल बदलायची घाई नको.

इंटरनेट बंद करा. हे महत्त्वाचं आहे, कारण इंटरनेट जोडलेलं असेल तर तारीख कधी कधी आपोआप सुधारते आणि खरा दोष झाकला जातो. आता तारीख-वेळ हाताने बरोबर लावा. लॅपटॉप नीट बंद करा. चार्जर काढा. मोठी बॅटरी बाहेरून निघणारी असेल तर तीही काढून ठेवा. रात्रभर तसंच राहू द्या. सकाळी बॅटरी लावून, इंटरनेट न जोडता सुरू करा. तारीख पुन्हा मागे गेली असेल, तर सेल संपला असं समजा.

मोठी बॅटरी आतच बसवलेली असेल आणि ती चार्ज असेल, तर या तपासणीत दोष दिसणार नाही. तीच घड्याळाला वीज देत राहते. अशा लॅपटॉपची तारीख मोठी बॅटरी पार रिकामी झाल्यावरच जाते का, तेवढं बघा.

एक खूण लक्षात ठेवा. तारीख बरोबर आहे, पण वेळ नेमकी साडेपाच तासांनी चुकते आहे, तर तो सेलचा दोष नाही. भारताची वेळ जागतिक वेळेपेक्षा साडेपाच तास पुढे आहे. म्हणजे देशाची वेळ निवडण्यात कुठेतरी चूक झाली आहे, किंवा एकाच लॅपटॉपवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही आहेत आणि त्यांचं आपसात जुळत नाही. त्यासाठी लॅपटॉप उघडायची काही गरज नाही.

सेलच गेला आहे हे नक्की झालं की लगेच स्क्रू-ड्रायव्हर हातात घेऊ नका. आधी घरातली कागदपत्रं वाचवा. गुणपत्रिका, जातीचा दाखला, समग्र आयडीचा कागद, लग्नाचे फोटो, जे जे लॅपटॉपवर आहे ते पेन ड्राइव्हवर उतरवा. सेल बदलल्याने फाइल जात नाहीत. पण लॅपटॉप उघडताना हात चुकू शकतो.

दुसरी गोष्ट कुलुपाची. काही लॅपटॉपांत विंडोज सगळा साठा कुलपात ठेवतं. त्याला बिटलॉकर म्हणतात. सेल काढल्यावर असा लॅपटॉप कधी कधी ४८ आकड्यांची किल्ली मागतो. ती नसेल तर सगळं आत अडकून पडतं. विंडोजच्या सेटिंगमध्ये बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन चालू आहे का ते बघा. चालू असेल, तर मायक्रोसॉफ्टच्या खात्यातून ती किल्ली काढून वहीत लिहून ठेवा. खातं मोठ्या मुलाच्या नावावर असेल आणि तो इंदूरला शिकत असेल, तर त्याला आधीच फोन करा.

तिसरी गोष्ट, सुरुवातीच्या सेटिंगचे फोटो. लॅपटॉप सुरू होताना एक ठरावीक बटण दाबलं की निळं किंवा करडं पान उघडतं. त्याला बायोस म्हणतात. डेलमध्ये बहुधा एफ २, एचपीमध्ये एफ १०, लेनोवोमध्ये एफ १ किंवा एफ २. तिथे काही बदलू नका. मोबाइलने प्रत्येक पानाचा फोटो घ्या. विशेषतः 'साटा' आणि 'बूट' लिहिलेली पानं. सेल काढल्यावर काही लॅपटॉपांत या सेटिंग कारखान्यातून आल्या तशा होतात. मग विंडोज सुरूच होत नाही आणि माणूस म्हणतो, सेल बदलला आणि लॅपटॉप मेला. तो मेलेला नसतो. फोटोत होतं तसं पुन्हा लावलं की बहुधा चालू होतो.

लॅपटॉप कोणाकडून जुना घेतला असेल, तर बायोसला पासवर्ड आहे का ते आधी विचारा. सेल काढला की पासवर्ड जातो, असं बरेच जण सांगतात. ऑफिसातल्या अनेक लॅपटॉपांत तो जात नाही. तो दुसऱ्याच चिपमध्ये लिहिलेला असतो.

आता सेल कोणता आणायचा. लॅपटॉप उघडून जुना सेल बघितल्याशिवाय विकत आणू नका. त्याच्यावर इंग्रजी अक्षरं आणि आकडे कोरलेले असतात. बहुतेक वेळा ते 'सीआर २०३२' असतात. यातले २० म्हणजे रुंदी, २० मिलिमीटर. ३२ म्हणजे जाडी, ३.२ मिलिमीटर. सेल ३ व्होल्टचा असतो. काही पातळ लॅपटॉपांत सीआर २०१६ असतो. तो १.६ मिलिमीटरच जाड असतो. एकाच्या जागी दुसरा बसत नाही.

आकड्यांइतकीच पहिली अक्षरंही नीट वाचा. 'सीआर' म्हणजे एकदाच वापरायचा सेल. काही लॅपटॉपांत 'एमएल' किंवा 'व्हीएल' लिहिलेला सेल असतो. तो पुन्हा चार्ज होणारा असतो आणि लॅपटॉप त्याला स्वतः चार्ज करतो. तिथे चुकून सीआर बसवला, तर लॅपटॉप त्यालाही चार्ज करू बघेल. सीआर सेल त्यासाठी बनलेलाच नाही. तो गळतो, तापतो, फुटूही शकतो. दुकानदार 'सब एकही है' म्हणाला, तरी ऐकू नका. जुना सेल समोर ठेवा आणि तीच अक्षरं मागा.

सेल आत तीन तऱ्हांनी बसवलेला असतो. कधी तो प्लॅस्टिकच्या वाटीत नुसता दाबलेला असतो. हे सगळ्यात सोपं. कधी त्याच्यावर काळी किंवा पिवळी पिशवी चढवलेली असते आणि त्यातून लाल-काळ्या दोन वायरी निघून छोट्या पिनमध्ये जातात. असा सेल पिनेसकट तयार मिळतो. जुन्याची पिन आणि नव्याची पिन शेजारी ठेवून बघा. लाल वायर दोन्हीकडे एकाच बाजूला हवी. कंपनीगणिक ती बाजू बदलते. तिसऱ्या तऱ्हेत सेल बोर्डावर डाग देऊन पक्का केलेला असतो. त्याला घरी हात लावू नका. दुकानात द्या.

दुकानदार जुन्या वायरी नव्या सेलला चिकटपट्टीने बांधून देत असेल, तर नको म्हणा. सेलवर थेट डाग देत असेल, तर त्याहून नको. डागाच्या उष्णतेने सेल फुटू शकतो.

काही नव्या लॅपटॉपांत असा सेल नसतोच. घड्याळ मोठ्या बॅटरीवर चालतं. म्हणून तुमच्या मॉडेलची दुरुस्ती-पुस्तिका आधी बघा. डेल, एचपी, लेनोवो या कंपन्या अनेक मॉडेलांच्या पुस्तिका आपल्या संकेतस्थळावर फुकट देतात. सेल कुठे आहे, किती स्क्रू काढायचे, हे त्यात चित्रांसह असतं. तळाचं एक झाकण काढलं की सेल दिसत असेल, तर घरी करा. त्यासाठी की-बोर्ड आणि अख्खा बोर्ड बाहेर काढावा लागत असेल, तर बऱ्हाणपूरच्या दुकानात द्या. ते पैसे वाया जात नाहीत.

आणि लॅपटॉपचा तळ फुगलेला दिसला, टचपॅड वर आलेलं दिसलं, तर तिथेच थांबा. आतली मोठी बॅटरी फुगली आहे. ती टोचली किंवा वाकली तर पेट घेते. चार्जर काढा. चालू असेल तर बंद करा. लॅपटॉप पोरांपासून आणि अंथरुणापासून दूर ठेवा आणि जाणकाराकडे न्या.

घरी करायचं ठरलं, तर दिवसाउजेडी करा. पंखा बंद ठेवा, नाहीतर बारीक स्क्रू उडतात. लाकडी टेबल किंवा सतरंजी चालेल. प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसून, टेरिकॉट घालून करू नका. आपल्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात अंगात बारीक वीज साठते. ती चिपला मारू शकते. काम सुरू करण्याआधी पाण्याच्या लोखंडी नळाला हात लावा. मधूनमधून पुन्हा लावा.

लॅपटॉप बंद करा. झोपवू नका, पूर्ण बंद करा. चार्जर काढा. मोठी बॅटरी बाहेरून निघत असेल तर काढा. आत असेल, तर झाकण उघडल्याबरोबर सगळ्यात आधी तिची पिन सोडवा. मग चालू करायचं बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरा. आत उरलेली वीज निघून जाते.

स्क्रू काढताना एका कागदावर लॅपटॉपच्या तळाचं चित्र काढा आणि प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी टोचून ठेवा. स्क्रू एकसारखे दिसतात, पण त्यांची लांबी वेगळी असते. लांब स्क्रू आखूड जागी घातला तर तो बोर्डात घुसतो. झाकण उचकटायला चाकू नको. जुनं सिमकार्ड किंवा प्लॅस्टिकचं कार्ड घ्या. झाकण अडलं तर जोर लावू नका. एखादा स्क्रू रबराच्या पायाखाली लपलेला असतो.

सेल काढण्याआधी फोटो घ्या. अधिकचं चिन्ह कोणत्या बाजूला आहे, ते फोटोत दिसलं पाहिजे. वाटीतला सेल असेल, तर नखाने खिटी बाजूला दाबा. तो आपण होऊन वर येतो. वायरीचा असेल, तर वायर ओढू नका. पिन धरून हळूहळू डावी-उजवी हलवत काढा. नवा सेल कोरड्या स्वच्छ कापडात धरून बसवा. बोटांचं तेल आणि घाम त्याला लागू देऊ नका. तारेने किंवा चिमट्याने धरू नका. दोन्ही बाजू धातूने जोडल्या गेल्या, की नवा सेलही तिथेच रिकामा होऊ लागतो.

आता जे सांगतो ते दोनदा वाचा.

हा सेल लहान मुलाच्या हाती लागता कामा नये. नवा नाही आणि जुना तर नाहीच. चमकदार असतो, गोळीसारखा दिसतो, पोर तोंडात घालतं. २० मिलिमीटरचा सेल लहान मुलाच्या अन्ननलिकेत नेमका अडकतो. तिथल्या ओलाव्यातून वीज वाहू लागते आणि मांस जळायला लागतं. दोन तासांत खोल जखम होऊ शकते. लॅपटॉपसाठी संपलेल्या सेलमध्येही एवढी इजा करण्याइतका जीव शिल्लक असतो.

पोराने सेल गिळल्याची नुसती शंका आली, तरी वाट बघू नका. उलटी करवू नका. केळं किंवा भाकरी खायला घालून 'उतरून जाईल' म्हणू नका. १०८ ला फोन करा, किंवा मिळेल त्या गाडीने बऱ्हाणपूरचं जिल्हा रुग्णालय गाठा आणि एक्स-रे काढायला सांगा. तिथे 'नाणं गिळलं' असं सांगू नका. 'बटणसेल गिळला' असंच सांगा. एक्स-रेत दोन्ही गोल दिसतात, पण नाण्याला थोडं थांबता येतं, सेलला नाही. तसलाच दुसरा सेल किंवा त्याचं पाकीट हाताशी असेल, तर सोबत न्या.

मूल एक वर्षाहून मोठं असेल, त्याला गिळता येत असेल आणि सेल गिळून १२ तास झाले नसतील, तर रस्त्यात त्याला दर दहा मिनिटांनी दोन छोटे चमचे मध देत जा. जास्तीत जास्त सहा वेळा. अमेरिकेतल्या नॅशनल कॅपिटल पॉयझन सेंटरचा हा सल्ला आहे. मधाने जळण्याचा वेग थोडा कमी होतो. पण मध शोधण्यात वेळ घालवू नका. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात देऊ नका.

सेल नाकात किंवा कानात घातला, तरी तितकीच घाई करा.

म्हणून सेल बदलताना पोरं झोपलेली किंवा शाळेत असू द्या. नव्या सेलचं पाकीट बसवायच्या क्षणीच फोडा. जुना निघाल्याबरोबर त्याच्या दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावा आणि डबीत घालून उंच फळीवर ठेवा. नंतर तो सेल विकणाऱ्या दुकानात परत द्या. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनी जुने सेल गोळा करण्याची जबाबदारी बॅटरी बनवणाऱ्या आणि आयात करणाऱ्या कंपन्यांवर टाकली आहे. तुम्ही मागितलंत तर दुकानदारही त्याची सोय करायला लागतील. चुलीत टाकू नका, फुटतो. उकिरड्यावर टाकू नका, गुरं आणि पोरं दोघंही तिथे फिरतात.

सगळं परत जोडलं, की आधी बायोस उघडा. तारीख-वेळ लावा. मोबाइलमधले फोटो काढून एकेक सेटिंग ताडून बघा. फरक असेल तर जुन्यासारखं करा आणि 'सेव्ह' करून बाहेर पडा. मग विंडोज सुरू होऊ द्या. पहिल्यांदा थोडा वेळ लागेल. बॅटरीच्या झाकणाच्या आत चिकटपट्टीवर आजची तारीख लिहून चिकटवा, म्हणजे पुढच्या वेळी सेल किती वर्षं टिकला ते कळेल.

नवा सेल जास्त दिवस चालावा असं वाटत असेल, तर पडून असलेला लॅपटॉप महिन्यातून एकदा काढून चार्ज करा. मोठी बॅटरी पार गेली असेल आणि बदलणं परवडत असेल, तर बदला.

सेल बदलूनही तारीख मागे जात असेल, तर सेल उलटा बसला का ते बघा. वाटीतल्या पत्र्यावर हिरवट गंज चढला आहे का ते बघा. दोन्ही नसेल, तर दोष बोर्डात आहे. दुरुस्तीचा खर्च आधी विचारा. तो जास्त वाटला, तर लॅपटॉप तसाच वापरा. मात्र फॉर्म, बँक किंवा बिल उघडण्याआधी दर वेळी मोबाइलवर बघून तारीख लावायची, हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा.